मुका मार

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तरायण तोंडावर आले की वडोदऱ्यात मांज्याने कापलेल्या बोटांची आणि गळ्यांची चर्चा सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी. पण १४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायणाला आणि वासी उत्तरायणाला, रक्ताचा थेंबही न दिसणाऱ्या दुखापती काही कमी होत नाहीत. पतंगावर नजर ठेवून मागे सरकताना कोणी पाण्याच्या टाकीवर आदळतो, कोणाचा पाय जिन्यात घसरतो, कोणी पत्र्यावरून थेट अंगणात येतो. कातडी फाटलेली नसते, त्यामुळे ‘कुठे काही लागले नाही’ असे म्हणून घरचे पुन्हा फिरकी हातात घेतात. अशा दुखापतीला आपण मुका मार म्हणतो. हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण हा मार आपण होऊन काही सांगत नाही. त्याची चौकशी आपल्यालाच करावी लागते.

मार बसतो तेव्हा कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूच्या मांसात झिरपते. ते थोडे झिरपावे, एवढाच पहिल्या दोन दिवसांतील उपचाराचा हेतू असतो. त्यासाठी दुखावलेला भाग स्थिर ठेवावा आणि त्यावर गार शेक द्यावा. बर्फ मात्र थेट कातडीवर ठेवू नये, कारण त्यानेही कातडीला इजा होते. तो पंचात किंवा पातळ टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटे धरावा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा धरावा. बर्फ नसेल तर उंधियूसाठी फ्रीजरमध्ये ठेवलेली तुरीच्या दाण्यांची पिशवीही चालते, आणि ती गुडघ्याच्या गोलाईवर बर्फापेक्षा चांगली बसते. हातापायाला मार असेल तर तो उशीवर, शक्यतो छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. क्रेप बँडेज बांधल्यास बोटांकडे लक्ष असू द्यावे. ती गार, निळसर किंवा बधिर झाली तर पट्टी लगेच सैल करावी. हाताला लागले असेल तर अंगठी आणि बांगड्या सूज चढण्याआधीच काढाव्यात.

आता मालिशीविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्या घरांत सर्वांत मोठी चूक तेथेच होते. पडलेल्या माणसाला पाहताच कोणीतरी गरम तेलाची वाटी घेऊन येते. चोळल्याने आणि शेकल्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तस्राव वाढतो, आणि आत हाड मोडलेले असेल तर त्याची टोके हलून नवी इजा होते. येथे कोणी श्रोते वडोदऱ्यातील दांडिया बाजारच्या हाडे बसवण्याच्या परंपरेची आठवण देतील. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव हाडे आणि स्नायू यांवरील उपचारांसाठी नावाजलेले होते, हे खरेच आहे. पण जाणत्या हाताने आधी तपासून केलेला उपचार निराळा आणि शेजाऱ्याने उत्साहाने दिलेला हिसका निराळा. आंबेहळद आणि रक्तबोळ यांच्या लेपाला, कातडी अखंड असेल आणि त्याने खाज येत नसेल, तर माझी हरकत नाही. मात्र लेप लावला म्हणून तपासणी टाळू नये. ऊबदार शेक दोन दिवसांनंतर, सूज उतरू लागल्यावर द्यावा.

डाग आधी लालसर, मग जांभळा, काही दिवसांनी हिरवट आणि शेवटी पिवळा होतो. रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होताना हिरवे बिलिव्हर्डिन आणि पुढे पिवळे बिलिरुबिन तयार होते, त्याचे हे रंग आहेत. हिरवा रंग पाहून आत पू झाला, असे समजण्याचे कारण नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चालते, पण आपण होऊन ॲस्पिरिन घेऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारामुळे ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल, तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. मात्र अशा माणसाच्या डोक्याला मार लागला, तर तो किरकोळ वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कारण डोक्याच्या आणि पोटाच्या माराची गोष्ट वेगळी आहे. पडल्यानंतर मूल हसत-खेळत असते आणि काही तासांनी वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे किंवा न उतरणारी गुंगी सुरू होते. तेव्हा ‘दमला आहे, झोपू द्या’ असे म्हणू नये. पहिले २४ तास अशा माणसाजवळ कोणीतरी असावेच. डाव्या फासळ्यांखाली मार बसला असेल तर प्लीहा, म्हणजे पाणथरी, हा पोटातील डाव्या बाजूचा अवयव फाटण्याचा धोका असतो, आणि त्याची वेदना कधी कधी डाव्या खांद्यात जाणवते. पोट कडक होणे, चेहरा पांढरा पडणे, गार घाम, जलद नाडी, ही आतील रक्तस्रावाची चिन्हे असू शकतात. मांडीचे हाड मोडले तर कातडी न फाटताही एक लिटरहून अधिक रक्त आत साचू शकते. अशा रुग्णाला आडवे ठेवावे, पांघरूण घालावे आणि पाणी किंवा चहा देऊ नये, कारण शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. मान किंवा पाठ दुखत असेल, तर उचलण्याची घाई न करता डोके आहे त्या स्थितीत आधार देऊन धरावे.

अशी चिन्हे दिसताच लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: किती वाजता पडला, किती उंचीवरून पडला, कशावर पडला आणि त्याला कोणती औषधे चालू आहेत.

नमस्कार.