चोवीस तासांची नोंद: अमेरिकेतील शस्त्रविक्री आणि बंदूकमालकाची गोपनीयता

श्रोतेहो,

अमेरिकेतल्या बंदुकांची चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा तिथे कुठेतरी गोळीबार झाल्यानंतर, आणि बंदुका असाव्यात की नसाव्यात एवढ्याच प्रश्नापाशी ती थांबते. आज मी त्या विषयाचा एक छोटा पण महत्त्वाचा भाग घेणार आहे. एखाद्या नागरिकाने कायद्याप्रमाणे बंदूक विकत घेतली, तर त्या विक्रीची नोंद कोणी ठेवावी, किती काळ ठेवावी आणि ती उघडून पाहण्याचा अधिकार कोणाला असावा? अमेरिकेने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला अपुरे वाटते, आणि ज्या बंदूकमालकांच्या गोपनीयतेसाठी ते दिले गेले त्यांचेही त्याने पुरेसे रक्षण होत नाही, असे माझे मत आहे.

१९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्यापासून परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेणाऱ्याची नोंद दुकानात ठेवावी लागते. आज त्यासाठी ४४७३ क्रमांकाचा अर्ज आहे. त्यात ग्राहकाचे नाव, पत्ता, जन्मतारीख, बंदुकीची बनावट आणि तिचा अनुक्रमांक हे सगळे असते. मात्र हा अर्ज सरकारकडे जात नाही, तो विक्रेत्याच्या कपाटात राहतो. १९७८ साली शस्त्र खात्याने, म्हणजे एटीएफने, विक्रेत्यांकडून दर तिमाहीला विक्रीचा अहवाल मागवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, असे केंद्रीकरण करण्यासाठी पैसा खर्च करायलाच बंदी घातली. पुढे १९८६ च्या बंदूकमालक संरक्षण कायद्याने मालकांची किंवा विक्रीची राष्ट्रीय नोंदणी उभारण्यास स्पष्ट मनाई केली.

या विरोधामागची भीती साधी आहे: आज यादी होईल, उद्या तीच यादी हातात घेऊन कोणीतरी दारात येईल. ही भीती पोकळ म्हणून झटकून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. न्यूयॉर्क शहराने १९६७ मध्ये रायफली आणि शॉटगन यांची नोंदणी सुरू केली. १९९१ मध्ये त्याच शहराने काही प्रकारच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली आणि त्या शहरात ठेवता येणार नाहीत, असे नोंदणी केलेल्या मालकांना कळवले. नियम पाळून नोंद करणाऱ्यालाच नोटीस पोहोचली, हे तिथला बंदूकमालक विसरलेला नाही.

मात्र नोंद विखुरलेली ठेवण्याची किंमत काय पडते, हे वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील एटीएफच्या राष्ट्रीय शोध केंद्रात दिसते. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या बंदुकीचा माग काढताना केंद्र आधी उत्पादकाला विचारते, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग किरकोळ विक्रेत्याला, आणि तेव्हा कुठे पहिल्या ग्राहकाचे नाव हाती लागते. बंद पडलेल्या दुकानांची दफ्तरे याच केंद्रात येतात. त्यांची छायाचित्रे संगणकावर आहेत, पण ग्राहकाच्या नावाने ती शोधण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही, त्यामुळे कर्मचाऱ्यांना पानामागून पान डोळ्यांनी वाचावे लागते. एवढी कोटिकोटी पाने जपायची आणि ती वाचण्याचे साधन मात्र वापरायचे नाही, हा निव्वळ संशयातून जन्मलेला तोडगा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९९३ च्या ब्रॅडी कायद्यानुसार नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयची तात्काळ तपासणी व्यवस्था सुरू झाली. विक्रेता ग्राहकाची माहिती कळवतो आणि त्याला बंदूक घेण्यास कायद्याने मनाई आहे का, हे तपासले जाते. मनाई असेल तर ती नोंद राहते. मंजुरी मिळालेल्या ग्राहकाची नोंद मात्र, कायद्याच्या शब्दांनुसार, नष्ट करायची आहे. किती दिवसांत? सुरुवातीला ही मुदत १८० दिवसांची होती. राष्ट्रीय रायफल संघटनेने, म्हणजे बंदूकमालकांची बाजू मांडणाऱ्या संस्थेने, तिला आव्हान दिले, पण २००० साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने सरकारची बाजू ग्राह्य धरली. २००१ मध्ये मुदत ९० दिवसांवर आली, आणि २००४ पासून काँग्रेसने ती चोवीस तासांवर आणून ठेवली.

ती मुदत मुळात का ठेवली होती? व्यवस्था नीट चालते का, विक्रेते खोट्या नावाने तपासणी करतात का, बंदूक घेण्याशी संबंध नसलेल्या माणसाची माहिती या मार्गाने काढली जाते का, याची फेरतपासणी करण्यासाठी. म्हणजे नागरिकाच्या खाजगी माहितीचा गैरवापर कोणी केला, याचा पुरावा त्याच नोंदीत होता, आणि गोपनीयतेच्या नावाने तो पुरावा एका दिवसात पुसून टाकला जातो. दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००२ मध्ये दाखवून दिले की, ९० दिवसांच्या मुदतीच्या पहिल्या सहा महिन्यांत एफबीआयने जुन्या नोंदींच्या आधारे, चुकून मंजूर झालेल्या २३५ प्रकरणांत बंदूक परत मिळवण्याची कारवाई सुरू केली, आणि नोंद दुसऱ्याच दिवशी नष्ट झाली असती तर त्यांपैकी २२८ प्रकरणांत ती सुरूच करता आली नसती.

याचा अर्थ नोंद हाती आहे म्हणून ती कशासाठीही वापरावी, असा होत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ताब्यात घेतलेल्या लोकांनी बंदुका घेतल्या होत्या का, हे या नोंदींतून पाहण्याची एफबीआयची इच्छा होती. ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांच्या न्याय खात्याने परवानगी दिली नाही, आणि त्यावर मोठी टीका झाली. माझ्या मते तो नकार तत्त्वतः योग्य होता. फेरतपासणीसाठी गोळा केलेली माहिती तपासासाठी वापरायची असेल, तर तशी तरतूद कायद्यात उघडपणे करायला हवी. एखाद्या संकटाच्या दडपणाखाली खात्याने आपल्यापुरता निर्णय घेऊन चालणार नाही.

गोपनीयतेला सर्वांत मोठे धक्के बसले ते दुसऱ्याच बाजूने. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका वृत्तपत्राने दोन काउंटींतील पिस्तूल परवानाधारकांची नावे व पत्ते नकाशावर छापले. ती माहिती तिथल्या कायद्यानुसार सार्वजनिकच होती. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावरून सुमारे १,९२,००० परवाना अर्जदारांची माहिती उघडी पडली. या दोन्ही घटनांचा एफबीआयच्या तपासणीच्या नोंदीशी संबंध नव्हता, आणि चोवीस तासांच्या नियमाने त्या टळल्याही नसत्या.

आपल्याकडे परवाना पद्धत असल्याने चित्र वेगळे आहे. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडे प्रत्येक परवान्याची नोंद असते, आणि निवडणुका आल्या की त्याच यादीवरून शस्त्रे जमा करायला सांगितले जाते. सर्वांना सरसकट हा आदेश न देता छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करावा, अशी पद्धत निवडणूक आयोगाने घालून दिली आहे. यादी सरकारकडे आहेच, तर ती वापरण्याचा अधिकार तरी बांधलेला असावा, हे आपण इथे मान्य केले आहे.

अमेरिकेसाठीही मला तेच सुचवावेसे वाटते. मुदत पुन्हा ९० दिवसांची करावी, नावाने शोध घ्यायचा तर न्यायाधीशाचा आदेश लागावा, प्रत्येक शोधाची स्वतंत्र नोंद व्हावी आणि ती काँग्रेसच्या लेखापरीक्षकांनी तपासावी. शिवाय बेकायदा शोधासाठी अधिकाऱ्याला वैयक्तिक शिक्षा असावी. नामसाधर्म्यामुळे ज्यांची खरेदी वारंवार अडते, असे काही मालक आजच एफबीआयला आपली माहिती जपून ठेवण्याची लेखी संमती देतात आणि त्यांना पुढील खरेदीसाठी एक ओळखक्रमांक मिळतो. माहिती कशासाठी ठेवली आहे हे त्यांना ठाऊक असते, ती काढून टाकण्याची विनंतीही त्यांना करता येते, आणि एवढ्या अटींवर त्यांनी सरकारवर विश्वास टाकला आहे.