गोष्ट सांगणारे प्राध्यापक: द. मा. मिरासदार

नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. एक ध्वनिक्षेपक आणि त्याच्यासमोर मराठीचे एक प्राध्यापक. एवढ्याच भांडवलावर द. मा. मिरासदार श्रोत्यांपुढे अख्खे गाव उभे करीत असत.

दत्ताराम मारुती मिरासदार यांचा जन्म १४ एप्रिल १९२७ रोजी अकलूज येथे झाला आणि त्यांचे काही शिक्षण पंढरपुरात झाले. जिथे कीर्तन ऐकायला माणसे तासन्‌तास मांडी घालून बसतात, त्या गावाचा संस्कार त्यांच्या कथेवर आहे, असे आम्हाला मनापासून वाटते. कारण त्यांची कथा डोळ्यांनी वाचत असतानाही कानांत वाजत राहते. काही काळ पत्रकारिता करून ते १९५२ मध्ये अध्यापनाकडे वळले आणि १९६१ मध्ये प्राध्यापक झाले.

शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासमवेत त्यांनी गावोगावी कथाकथन केले. पुस्तकापर्यंत कधी न पोचलेला श्रोताही या तिघांमुळे मराठी कथेचा झाला, हे त्यांचे ऋण फार मोठे आहे.

मिरासदारांच्या कथांतल्या भोकरवाडी या गावात नाना चेंगट आहे, बाबू पैलवान आहे, आणि रिकामा वेळ भरपूर आहे. निवेदन शुद्ध प्रमाण भाषेत चाललेले असते आणि पात्राने तोंड उघडताच खास गावरान बोली सुरू होते. कागदावर हा बदल अवतरणचिन्हे दाखवतात. व्यासपीठावर मात्र तो एका श्वासात, केवळ आवाजाच्या हेलाने साधावा लागतो, आणि हशा पिकला की तो ओसरेपर्यंत पुढचे वाक्य ओठांवर धरून ठेवावे लागते. ‘भुताचा जन्म’ ही कथा तर सांगण्याच्या शक्तीचीच कथा आहे. अंधारात घडलेला क्षुल्लक प्रसंग तोंडातोंडी तिखटमीठ लागून वाढत जातो आणि अखेरीस गावाला एक भूत मिळते.

‘एक डाव भुताचा’ या चित्रपटासाठी त्यांनी संवाद लिहिले आणि त्यात हेडमास्तरांची भूमिकाही केली. परळी वैजनाथ येथे १९९८ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथाकथनाची ध्वनिमुद्रणे आजही घरोघरी ऐकली जातात. त्यांत सभागृह खळखळून हसते, मिरासदार क्षणभर थांबतात, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणून जातात, पुढे काय झाले ते.