मागचं दार

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आईच्या माहेरच्या घराबद्दल बोलणार आहे. त्या घरातून कोण कोण कशानं गेलं, त्याबद्दल. घर ख्रिस्ती, गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, मागं जंगल, पुढं भातशेती. बेळगावात लंडन मिशनची माणसं १८२० साली आली, त्यांनी शाळा काढल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडं गेलं. माझे पणजोबा, म्हणजे आजीचे वडील, अशाच एका खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. उपासना मराठीत, बाजार कानडीत, आणि घरात दोन्हींची मिसळण. आजही आमच्याकडं तसंच चालतं, आणि ते तसंच चालावं असं मला मनापासून वाटतं.

त्या काळच्या रोगांची नावं ऐका. देवी. पटकी. घटसर्प. हिवताप. क्षय. प्लेग. आणि मानमोडी. पुन्हा सांगतो, मानमोडी. आज तिला १९१८ चा इन्फ्लुएंझा म्हणतात. आमच्या आजीनं तो शब्द कधी उच्चारला नाही. ती म्हणायची, "मानमोडीत आई गेली, मानमोडीत काका गेला, मानमोडीत धाकटा गेला." नऊ दिवसांत तिघं. आजी तेव्हा आठ वर्षांची.

जून १९१८ मध्ये मुंबईत ही साथ सुरू झाली. महायुद्धावरून सैनिक बोटींनी परतत होते, पुढं रेल्वेनं रोग गावोगाव पोचला. पहिली लाट निभावली. पावसाळा सरता सरता दुसरी आली, ती तरण्याताठ्या माणसांवर पडली. त्यात त्या वर्षी पाऊसही नीट झाला नव्हता. देशात एक कोटीहून जास्त माणसं दगावली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायची ती घटली.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

लहानपणी मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो. आजीची एक सवय होती. लाकडाला कुठं भोक दिसलं की ती त्यात चिंधी कोंबायची. खिडकीच्या चौकटीला, पेटाऱ्याला, पाटाला. आम्हाला वाटायचं, झुरळं येऊ नयेत म्हणून. एकदा मी पाटातली चिंधी ओढून काढली. आजी रागावली नाही. जवळ बसवून घेतलं आणि हे सांगितलं.

पहिल्यांदा आई गेली. तिशीची बाई, दोन दिवस तापानं फणफणली, तिसऱ्या दिवशी ओठ काळेनिळे पडले. गावच्या सुतारानं पेटी करून दिली, पाळक आले, स्तोत्र म्हटलं, सगळं रीतीनं झालं. पाचव्या दिवशी काका गेला. तोवर सुतार स्वतः अंथरुणाला खिळलेला. बेळगावला निरोप द्यायला माणूस मिळेना. गावात घरटी कुणी ना कुणी आडवं. चुली पेटायच्या बंद झाल्या होत्या. जो कोणी उठून उभा राहू शकत होता, तो दारोदार भाताची पेज पोचवत होता. काकाला चादरीत गुंडाळून पुरलं. शेजारची दोन मराठा पोरं कुदळ-खोरं घेऊन आली. त्यांच्या स्वतःच्या घरात आदल्या रात्री मयत झालेलं होतं. ती तांबडी जमीन कशी असते ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको. वीतभर मातीखाली जांभा लागतो. खड्डा उथळच राहिला.

त्या रात्री कोल्ह्यांची कोल्हेकुई झाली. दफनभूमीच्या बाजूनं. पणजोबा कंदील आणि काठी घेऊन गेले, ते उजाडल्यावर परतले. काय बघितलं ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

नवव्या दिवशी धाकटा गेला. पाच वर्षांचा.

पणजोबा उठले आणि घराचं मागचं दार बिजागरीतून उचकटलं. फणसाच्या लाकडाचं दार. शाळामास्तर माणूस, हातात कधी करवत धरलेली नाही. अंगणात बसून त्यांनी त्या फळ्या कापल्या, दगडानं खिळे ठोकले. आजी खिळे धरून बसली होती. पेटी झाली. वाकडीतिकडी, पण झाली. धाकट्याला आत ठेवलं, झाकण बसवलं. आणि आजीच्या लक्षात आलं, झाकणाच्या फळीला एक भोक आहे. दाराच्या कडीकोयंड्याचं. आणि ते नेमकं तोंडाच्या वर आलेलं.

ती म्हणाली, "बाबा, ह्यातनं माती जाईल की. त्याच्या डोळ्यात जाईल."

पणजोबा काही बोलले नाहीत. त्यांच्यात बोलायचं बळच उरलं नव्हतं. मग आजीनं आपल्या परकराचा काठ दातानं फाडला, चिंधीचा बोळा केला आणि त्या भोकात घट्ट कोंबला. बोटानं दाबून बघितला. आठ वर्षांची पोर. नंतर पेटी नेली.

ऐका, हे मी पुन्हा सांगतो. तिनं बोटानं दाबून बघितला.

मागचं दार गेलं, तिथं तरट टांगलं. मागं जंगल. पणजोबा रात्रभर त्या उघड्या चौकटीत कंदील घेऊन बसायचे, आणि आजी त्यांच्या पाठीला टेकून झोपायची. असं सुगीपर्यंत. भातकापणी झाली आणि एके दिवशी सुतार डोक्यावर दार घेऊन आला. तो वाचला होता. त्याची बायको गेली होती. माप घ्यायला तो आधी आलाच नव्हता, कारण जुनं दारही त्यानंच केलेलं. दार चौकटीत बसलं, जराही तासावं लागलं नाही. पैशाचा विषय त्यानं काढू दिला नाही.

आता वेळ थोडा आहे, म्हणून बाकीचं भराभर.

हिवतापावर कोयनेल होतं, म्हणजे क्विनीन. पोस्टातसुद्धा त्याच्या पुड्या मिळायच्या. कडू जहर, पण पोरं वाचली. देवीची लस तर आपल्या बेळगावातच तयार व्हायची. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला जाता ना, तिथं. वासरांच्या अंगावर ती लस वाढवायचे. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. आजीच्या चुलतभावाला क्षय झाला तेव्हा त्याला मिरजेला, वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तो बरा झाला नाही, पण शेवटपर्यंत त्याला खाटेवर स्वच्छ चादर होती, हे आजी आवर्जून सांगायची.

"पूर्वीची माणसं कशी धडधाकट होती, शंभर वर्षं जगायची" असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. जी शंभर वर्षं जगली ती आपल्याला दिसली. जी पाचव्या वर्षी गेली ती कुणाला दिसणार? मोबाइलवर लशींविरुद्ध काहीबाही पुढं ढकलणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. साल आठवणार नाही, पण रोगाचं नाव बरोबर आठवेल. आणि जी नावं सांगतील ती वहीत लिहून ठेवा. आमच्या घरी कुणी लिहिली नव्हती. आजी होती म्हणून कळली.

ती दफनभूमी अजून आहे. काँग्रेस गवतानं भरली आहे. कडेनं कुणीतरी कुंपण आत सरकवत चाललंय, त्यासाठी आम्ही पंचायतीत दोन खेटे घातले. तिघांच्या जागेवर दगड नाही. आजीनं बोटानं दाखवली होती ती जागा, चिंचेपासून सहा पावलं. पुढच्या शनिवारी आम्ही भावंडं विळे घेऊन जाणार आहोत. दुपारची भाकरी तिथंच. त्या मराठा पोरांपैकी एकाचा नातूही येतो म्हणालाय, त्याच्याकडं गवत कापायचं मशीन आहे.

नमस्कार.