मुलांच्या किडनीची बायॉप्सी: रिपोर्ट आल्यावर काय बदलणार?

बायॉप्सी म्हटलं की पालकांच्या मनात दोन शब्द येतात, कॅन्सर आणि ऑपरेशन. मुलांच्या किडनीच्या बायॉप्सीत, म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्यात, बहुतेक वेळा या दोन्हींचा संबंध नसतो.

सकाळी डोळे सुजलेले, लघवीला फेस, अशी जी मुलं आमच्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांना बायॉप्सी लागतच नाही. लघवीतून प्रोटीन जाण्याच्या या आजाराला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. १९७८ साली अनेक देशांतल्या पाचशेहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलांच्या किडनीत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास काहीच बिघाड दिसला नाही. अशी मुलं बहुधा स्टेरॉइडनं सावरतात. म्हणून आपण आधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतो. सहा आठवडे रोज पूर्ण डोस देऊनही प्रोटीन जायचं थांबलं नाही, तर मात्र सुई हातात घ्यावी लागते. वर्षाच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. तिथं जनुकीय तपासणी आधी.

घसा किंवा त्वचेच्या संसर्गानंतर लघवी चहासारखी लाल झाली, तरीही लगेच बायॉप्सी नको. रक्तातलं सी-थ्री हे प्रतिकारशक्तीचं प्रोटीन कमी होतं आणि साधारण सहा-आठ आठवड्यांत पूर्ववत होतं. झालं नाही, तर आत दुसरं काही चाललंय का, हे बघायचं.

उलट, क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) दिवसागणिक चढतंय, लघवीत रक्त आहे, अशा मुलाला मी दोन दिवससुद्धा थांबवणार नाही. तिथं किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्यांभोवती चंद्रकोरीसारख्या पेशी साचत असतात आणि उशीर झाला की तिथे व्रण राहतो. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असलेल्या मुलीतही बायॉप्सी लागते. लघवीचा रिपोर्ट सारखाच दिसला, तरी एकीला सौम्य औषधं पुरतात आणि दुसरीला जोरकस द्यावी लागतात. ते बायॉप्सीत बिघाड कितव्या वर्गाचा दिसतो, त्यावर ठरतं. आयजीए नेफ्रोपॅथीचं, म्हणजे गाळण्यांत आयजीए नावाची प्रतिपिंडं साचण्याच्या आजाराचं, पक्कं निदान तर रक्तातून होतच नाही.

आता सुरक्षिततेचं बोलू. १९५१ साली कोपनहेगनमधल्या दोन डॉक्टरांनी या सुईचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा रुग्णाला बसवून, सोनोग्राफीशिवाय, अंदाजानं सुई घालत. निम्म्याहून जास्त वेळा पुरेसा तुकडाच हाती लागत नसे. आज मूल पालथं झोपवतो, पोटाखाली गुंडाळलेली चादर ठेवतो, गुंगीचं औषध देतो. बहुधा डाव्या किडनीचं खालचं टोक सोनोग्राफीवर समोर असतं. स्प्रिंगची सुई ‘खट्’ करते आणि शेवयीएवढा तुकडा बाहेर येतो. मोठ्या मुलांना तो आवाज आधीच ऐकवतो, नाहीतर ऐन वेळी दचकतात.

‘किडनी कमी होईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. एका किडनीत सरासरी दहा लाख गाळण्या. तुकड्यात येतात दहा-वीस. हिशोब तुम्हीच करा.

खरा धोका रक्तस्रावाचा. लघवीत न दिसणारं रक्त जवळजवळ सगळ्यांच्याच जातं. किडनीभोवती थोडं रक्त साचलेलं सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतं आणि आपोआप जिरतं. डोळ्यांना दिसेल इतकी लाल लघवी थोड्यांनाच होते. रक्त चढवावं लागतं ते शंभरात जेमतेम एखाद्याला. हा धोका शून्य आहे असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. बीपी ताब्यात नसेल, प्लेटलेट कमी असतील, रक्त गोठत नसेल, तर आधी ते दुरुस्त करायचं, मगच सुई. नंतर काही तास निजून राहायचं. पहिल्या दिवशीची प्रत्येक लघवी बाटलीत धरून रंग बघायचा. पीटी, सायकल, कबड्डी एक-दोन आठवडे बंद.

एक मर्यादाही सांगतो. काही आजारांत डाग सगळ्या गाळण्यांवर नसतात. तुकड्यात नेमक्या चांगल्या गाळण्या आल्या, तर रिपोर्ट खोटा दिलासा देतो. म्हणून गाळण्या किती मिळाल्या, हा आकडा रिपोर्टात जरूर बघा. आणि नमुना इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे गाळण्यांत साचलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, पाठवणार आहेत का, हे आधी विचारा. फॉर्मलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यावर ती तपासणी नीट होत नाही. त्यासाठी तुकड्याचा वेगळा भाग वेगळ्या द्रवात ठेवावा लागतो.

समोर बसलेल्या एका पालकांची चिठ्ठी आलीय: ‘एकदा केली, आता परत का सांगतात?’ मूल सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर दोन-अडीच वर्षं असेल, तर ते औषधच किडनीत व्रण करू शकतं. क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही ते बायॉप्सीत दिसू शकतं. औषध चालू ठेवायचं की बदलायचं, हे त्यावर ठरतं.