मागच्या फोरबॉलसाठी

मंडळी, नमस्कार.

विषय ठरला तेव्हा आयोजकांनी एक सूचना केली होती. समोर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी गोल्फ खेळलेला असेल, तेव्हा चेंडू कसा मारायचा हे शिकवू नका. मी लगेच कबूल झालो. अठरा हँडिकॅपच्या माणसाने ते शिकवूही नये. (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला; त्याचं गणित पुढे येईल.) गंमत अशी की क्लबात न विचारता शिकवणारे बहुधा अठराच्या आसपासचेच असतात. दोन-तीन हँडिकॅपचा माणूस गप्प असतो. विचारलंच तर ‘ग्रिप जरा सैल धरा’ एवढं सांगून पुढे जातो.

तर हौशी माणसाचा गोल्फ. टीव्हीवर दिसतो तो नव्हे. शनिवारी पहाटे उठून, घरच्यांच्या झोपमोडीचे बोल ऐकून, चार जण मिळून खेळतात तो. या चौघांच्या गटाला आम्ही फोरबॉल म्हणतो.

खेळ दिसायला सोपा आहे. चेंडू जागेवर स्थिर असतो, समोरून कोणी टाकत नाही, मागून कोणी धक्का देत नाही. पिशवीत चौदापर्यंत क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, ठेवायची मुभा असते. आणि तरीही सगळं बिनसतं. का बिनसतं, याचं एक उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा मैदानाचा पार ७२ आहे, म्हणजे निष्णात खेळाडूने अठरा होल ७२ फटक्यांत संपवावेत अशी अपेक्षा. त्यात प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दोन, असे ३६ फटके पटिंगसाठी, म्हणजे चेंडू हलकेच ढकलत होलमध्ये घालण्यासाठी, धरलेले असतात. निम्मा खेळ तिथे! ड्रायव्हरने, म्हणजे लांब मारायच्या क्लबने, दोनशे वीस यार्ड उडवलेला चेंडू म्हणजे एक फटका, आणि वीतभर अंतरावरून ढकललेला चेंडू म्हणजेही एकच. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा कमीत कमी ४२.६७. दोन चेंडू शेजारी शेजारी आत मावतील एवढी जागा आहे. पण चेंडू काठावरून वळसा घालून बाहेर येतो आणि चांगला शिकलासवरलेला माणूस त्या भोकाकडे असा बघतो की त्याने उसने पैसे बुडवलेत.

एवढं माहीत असूनही सरावाला जाणारा प्रत्येक जण आधी ड्रायव्हर बाहेर काढतो. बादलीभर चेंडू लांब भिरकावतो, घाम पुसतो, घरी जातो. शेजारची पटिंग ग्रीन रिकामी असते. लांब मारण्यात मजा आहे, हे मान्य. महिन्यातून एकदा चेंडू क्लबच्या बरोबर मध्यावर बसतो, हातांना काहीच लागल्यासारखं वाटत नाही, आणि चेंडू आपण ठरवलेल्या रेषेवर जातो. त्या एका फटक्यासाठी माणूस पुढच्या शनिवारी परत येतो. पुढच्या शनिवारी काय होतं ते कॅडी, म्हणजे आमची पिशवी उचलणारा, सांगतो: ‘साहेब, हेड-अप झाला.’ मान वर केलीत. चेंडू डावीकडे गेला, उजवीकडे गेला, तिथेच राहिला, निदान एकच. मला तर वाटतं हे वाक्य कॅडींनी आमच्यावर दया म्हणून शोधलं आहे. निदान कारण तरी मिळतं.

निराशेचं आणखी एक कारण आहे, आणि ते हँडिकॅपच्या गणितातच दडलेलं आहे. हँडिकॅप म्हणजे, ढोबळपणे, तुम्ही पारपेक्षा किती फटके जास्त घेता त्याचा आकडा. पूर्वी वेगवेगळ्या देशांत तो मोजायच्या वेगवेगळ्या रीती होत्या. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली. तुमच्या शेवटच्या वीस फेऱ्या घ्यायच्या, त्यातल्या सर्वांत चांगल्या आठ निवडायच्या, आणि त्यांची सरासरी काढायची. नीट ऐका, सर्वांत चांगल्या आठ! उरलेल्या बारा टाकून द्यायच्या. म्हणजे हँडिकॅप हे तुमच्या नेहमीच्या खेळाचं माप नाही. तुमच्या चांगल्या दिवसांचं आहे. चार-पाच फेऱ्यांतून एखादी त्या आकड्याला साजेशी होते. बाकीच्या दिवशी ‘आज माझा खेळच झाला नाही’ म्हणत घरी जायचं, हे गणितानेच ठरवून ठेवलेलं आहे. क्लबाच्या बारमध्ये दर रविवारी दुपारी ऐकू येणारा विलाप निम्मा तरी या सरासरीतून येतो.

पण याच आकड्यामुळे हा खेळ आम्हा सामान्यांचा होतो. टेनिसमध्ये जिल्हा पातळीच्या पोरासमोर मी उभा राहिलो तर दोघांचाही वेळ वाया. गोल्फमध्ये पाच हँडिकॅपचा तरुण आणि अठराचा मी खेळलो तर मला साधारण तेरा फटक्यांची सूट मिळते आणि सामना शेवटच्या होलपर्यंत जाऊ शकतो. सत्तरीतल्या आजी नातवाला हरवतात. खरंच हरवतात, आणि वर त्याच्याकडून लिंबू सरबत वसूल करतात.

आता शिष्टाचार. या शब्दाने लोक बिचकतात. कॉलरचा टी-शर्ट, ठराविक पँट, मोबाईल बंद, असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. कपड्यांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. इंग्रजांनी ठेवलेलं काही टिकलं, काही गेलं, आणखी काही गेलं तरी चालेल. पण मैदानावरचा खरा शिष्टाचार वेगळा आहे, आणि माझं म्हणणं असं की तो जवळजवळ सगळाच्या सगळा मागून येणाऱ्या माणसासाठी आहे. लग्नाच्या पंगतीत आपण मठ्ठ्याचा भुरका घेत असतो आणि मागची पंगत आपल्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी असते ना, तसा गोल्फमध्ये तुमच्या मागे कायम एक फोरबॉल उभा असतो. तो अनोळखी असू शकतो. तुम्ही काय केलंत हे त्याला दिसलेलं नसतं. पण तुम्ही टाकून गेलेलं सगळं त्याच्या वाट्याला येतं.

बंकर घ्या. वाळूच्या खड्ड्यात तुम्ही उतरलात, दोन-तीन फटक्यांत चेंडू बाहेर काढलात आणि वैतागून तसेच निघून गेलात. मागच्याचा चेंडू नेमका तुमच्या पावलाच्या खळग्यात येऊन बसला, तर नियम त्याला काहीही सवलत देत नाही. जिथे आहे तिथून मारायचा. फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, तुमच्या क्लबने उडालेल्या गवताच्या ढेपेचंही तेच. त्या खळग्यात चेंडू गेला तर गेला. म्हणून दाताळं फिरवायचं, ढेप परत बसवायची किंवा पिशवीतली वाळू टाकायची. दंड कोणी करत नाही, बघायलाही कोणी नसतं.

ग्रीनवर उंचावरून चेंडू पडला की खळी पडते. ती बुजवायला छोटा काटा मिळतो, आणि तो वापरण्यात बहुतेक जण घोळ करतात. खालून उचकटून माती वर आणतात, त्याने मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी डाग पडतो. काटा कडेला खुपसून गवत मध्याकडे ढकलायचं असतं, मग पटरने हलकं दाबायचं. आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवरचं गवत बर्म्युडा जातीचं असतं. म्हणजे कोण, तर आपली हरळी! शेतकरी जिला शिव्या देत खणून काढतो आणि गणपतीला ज्या दूर्वा वाहतो, त्याच कुळातल्या संकरित वाणांना आम्ही रोज सकाळी मिलिमीटरांत मोजून कापतो आणि उन्हाळ्यात पाणी पाजतो. या पाण्यावरून कोणी टोकलं तर मी वाद घालत नाही. दुष्काळी राज्यात हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि सांडपाणी शुद्ध करून वापरल्याशिवाय गोल्फ मैदानाला तोंड वर करून बोलता येणार नाही. जुन्या लष्करी छावण्यांमधल्या मैदानांवर ग्रीनच नसायचे, ‘ब्राउन’ असायचे. तेल कालवलेल्या वाळूचा चोपून केलेला गोल. तिथेही रीत हीच, पुढच्यासाठी वाळू ओढून सपाट करायची.

सगळ्यांत मोठं भांडण वेळेचं. फोरबॉलला साडेचार तास लागले की मागचे कुरकुरतात, पाच झाले की सेक्रेटरीकडे तक्रार जाते. २०१९ मध्ये नियम बरेच सुटसुटीत केले. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, आता तीन. फटका मारायला चाळीस सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नयेत अशी शिफारस आहे. होलपासून सर्वांत लांब असलेल्याने आधी मारायचं ही जुनी रीत, पण स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून खेळताना, जो तयार असेल त्याने मारावं असं आता नियमच सुचवतात. तरी काही महाभाग चार वेळा हवेत क्लब फिरवतात, गवत तोडून वारा बघतात, हातमोजा काढून परत घालतात, आणि मग चेंडूचा टॉप करून, म्हणजे त्याच्या फक्त माथ्याला क्लब लावून, तो वीस यार्डांवर घालवतात. वीस यार्डांसाठी वारा कशाला बघायचा?

यावर मला सर्वांत शहाणा वाटलेला उपाय एका डॉक्टरांचा. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाचे इंग्रज सर्जन होते. त्यांची गुणपद्धत १९३२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात स्पर्धेसाठी वापरली गेली. हँडिकॅपची सूट धरून पार केला तर दोन गुण, बर्डीला (पारपेक्षा एक फटका कमी) तीन, बोगीला (एक जास्त) एक, त्याहून वाईट तर शून्य. यातली मेख शून्यात आहे. एका होलवर तुमचा पार बोजवारा उडाला तर तिथे फक्त शून्य मिळतं, सगळी फेरी मातीत जात नाही. आणि शून्य नक्की झालं की चेंडू उचलून चालू लागायचं. अकरावा, बारावा फटका मोजत बसायचं कारण नाही. आपली लाज राहते आणि मागच्यांचा वेळ वाचतो. आपल्या क्लबांतल्या शनिवार-रविवारच्या कितीतरी स्पर्धा याच पद्धतीने होतात, त्या उगाच नाही.

प्रामाणिकपणाची गोष्ट सांगितल्याशिवाय गोल्फवरचं व्याख्यान संपत नाही, म्हणून थोडक्यात. बॉबी जोन्स, अमेरिकन, पेशाने वकील, जन्मभर हौशी खेळाडू. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, त्याचा चेंडू किंचित हलला. कोणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला, बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. लोकांनी कौतुक केलं तेव्हा तो चिडला. बँक लुटली नाही म्हणून कोणाचं कौतुक करता का, अशा अर्थाचं तो बोलला. गोष्ट थोर आहे. पण क्लबातला अप्रामाणिकपणा इतका नाट्यमय नसतो. तो झाडामागे बुटाच्या टोकाने होतो. किंवा त्याहून बेरकी, हँडिकॅपच्या खात्यात होतो. चांगल्या फेऱ्यांची कार्डं भरायचीच नाहीत, आकडा फुगू द्यायचा, आणि वार्षिक स्पर्धेत मिक्सर-ग्राइंडर जिंकून न्यायचा. याला आम्ही बँडिट म्हणतो. याच्या उलट जातीचेही असतात. वाईट कार्डं खिशात ठेवून आकडा बाराच्या खाली धरून ठेवणारे. ते दर स्पर्धेत हरतात, पण ओळख करून देताना ‘सिंगल फिगरच्या जवळ’ असं सांगतात. पहिल्याचा राग येतो. दुसऱ्याला कोणी काही बोलत नाही, कारण त्याच्यामुळे बाकीच्यांना बक्षिसं मिळतात.

पावसाळ्याबद्दल सांगायला हवं, कारण स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या नियमांची खरी परीक्षा जुलैत आपल्याकडे होते. फेअरवेवर पाणी साचलं असेल तर दंडाशिवाय चेंडू बाजूला टाकता येतो. चिखलात स्वतःच्याच खळीत रुतला तर तोही सोडवून घेता येतो. आणि घार किंवा कावळा चेंडू उचलून उडाला तर? हे आपल्याकडे नेहमीचं आहे. पक्ष्यानेच नेला अशी खात्री असेल तर मूळ जागी दुसरा चेंडू ठेवायचा, दंड नाही. एक जण मात्र दर वेळी घारीचंच नाव घेतो. आभाळात घार असो वा नसो.

हे खरं की खोटं ते कॅडीला माहीत असतं. क्लबाची खरी हँडिकॅप कमिटी कॅडींच्या बाकावर बसते. कोणाचा चेंडू बुटाने सरकला, कोण सहाचे पाच लिहितो, कोण हरल्यावर टिप कापतो, सगळी नोंद तिथे आहे. ते बोलत नाहीत, कारण फेरी मिळाली तर पैसे, आणि पाऊस लागून राहिला तर बऱ्याच ठिकाणी तेही नाहीत. आमच्या शिष्टाचारात या माणसाला फार उशिरा जागा मिळाली. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात निघालेल्या विलिंग्डन क्लबाने हिंदी आणि युरोपीय दोघांनाही सभासद केलं ही तेव्हा बातमी होती. पिशवी उचलणारा मात्र पहिल्या दिवसापासून हिंदीच होता. १९६५ मध्ये बिल्लू सेठी यांनी इंडियन ओपन जिंकली, ते पहिले भारतीय विजेते, आणि तेही हौशी. त्यानंतर थेट १९९१ मध्ये अली शेर जिंकले. ते दिल्लीच्या मैदानावर कॅडी होते.

बऱ्याच क्लबांचं मैदान सोमवारी देखभालीसाठी बंद असतं, आणि काही ठिकाणी त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. जमलं तर एकदा कुंपणाबाहेरून बघा. सभासदांनी टाकून दिलेले क्लब, चौघांत मिळून एखादी पिशवी, हवेत क्लब फिरवणं नाही, वारा बघणं नाही. बंकरमधून बाहेर पडता पडता दाताळं फिरलेलं असतं. आमच्यातल्या काही जणांनी सोमवारी त्यांच्या मागून खेळायची परवानगी मागितली होती. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही त्यांच्या मागे खेळाल हो, पण तुमच्या मागे जो फोरबॉल असेल त्याचं काय?