घोडा थांबवायचा कुणी?

[दृश्य : पहाटेचा उजेड. कडक मुरमाच्या रस्त्यावर मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) घोड्याला दुडक्या चालीनं नेतोय. फक्त टापांचा आवाज.]

निवेदन :
आधी नुसती चाल ऐका. दुडकीत दोनच ठोके असतात, आणि दोन्ही सारख्या वजनाचे. एक जड आणि एक हलका पडू लागला, तर घोडा कुठल्यातरी पायावर भार द्यायचं टाळतोय. आता मान बघा. पुढचा डावा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उचलली जाते आणि उजवा टेकला की खाली येते. नवशिका इथे हमखास उलटं वाचतो. मान खाली गेली तोच पाय दुखरा समजतो आणि चांगल्या पायाला शेक देत बसतो.

तपासणीची जागा कडक आणि सपाट हवी. वीस-तीस मीटर सरळ जायचं, सरळ परत यायचं. दोरी सैल सोडायची. मोतद्दारानं दोरी तोंडाशी घट्ट धरली की मान हलतच नाही आणि लंगडणं झाकलं जातं. घोडा विकताना ही युक्ती मुद्दाम वापरतात, म्हणून दोरीकडे आधी लक्ष द्यावं.

[दृश्य : नागपूरचा सकाळचा रस्ता, तबेल्याचं फाटक, खरारा करणारे हात.]

निवेदन :
नागपुरात टर्फ क्लब नाही. महाराष्ट्रात घोड्यांच्या अधिकृत शर्यती भरतात त्या मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या देखरेखीखाली. विदर्भात शर्यत म्हटलं की डोळ्यांसमोर येतो शंकरपट आणि बैलजोडी. पण घोडेस्वारी शिकवणारे तबेले इथेही आहेत, आणि अशा तबेल्यांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, बरेचदा येतात. घोड्याचं शरीर महालक्ष्मीला जसं चालतं तसंच काटोल रोडवर चालतं. इथे भर पडते ती उन्हाची. त्याकडे आपण येऊच. आधी शर्यतीत त्या शरीराचं काय होतं ते पाहू.

[दृश्य : संथ गतीत भरधाव घोडा, बाजूनं.]

निवेदन :
उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४० असते. शर्यतीत ती दोनशेच्या पुढे जाते, २२० ते २४० पर्यंत. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतल्या जातात आणि रक्त अक्षरशः दाट होतं. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, सगळी हवा नाकपुड्यांतून. भरधाव पळताना एका झेपेला एकच श्वास, म्हणजे मिनिटाला एकशेचाळीसच्या आसपास. या दाबानं फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. बहुतेक वेळा ते रक्त नाकापर्यंत येतच नाही. दुर्बिणीनं श्वासनलिका पाहिली तरच दिसतं. नाकातून रक्त आलं असेल, तर जॉकीनं ते पुसून टाकायचं नाही, सांगायचं.

आता पाय. साडेचारशे किलोचा घोडा ताशी साठ किलोमीटरनं धावतो. प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की पुढच्या एकाच पायावर शरीराच्या अडीच पट भार असतो, म्हणजे हजार-अकराशे किलो. खुराच्या वरचा सांधा जवळजवळ जमिनीला टेकतो. नळीच्या हाडामागचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, रबरासारखा ताणला जातो आणि आतून तापतो, पंचेचाळीस अंशांपर्यंत. बाराशे मीटरच्या शर्यतीत अशा पावणेदोनशेच्या आसपास झेपा होतात.

हाड एका फटक्यात मोडलं असं प्रेक्षकाला वाटतं. बहुतेकदा तसं नसतं. त्याच जागी आधीपासून बारीक चिरा पडलेल्या असतात. ताण वाढला की हाड आधी स्वतःचा जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. खरवडणं लवकर होतं, भरणं सावकाश. या मधल्या आठवड्यांत हाड पोकळ-कच्चं असतं. म्हणूनच दोन महिने आराम करून आलेला, ताजातवाना, उड्या मारणारा घोडा फार फसवा. दम लवकर परत येतो, हाडाची ताकद येत नाही. घोडा 'मागतोय' म्हणून पहिल्याच आठवड्यात भरधाव सोडणारे नेमके इथे चुकतात. आराम जितका लांब, तितकी चढण हळू : आधी नुसती चाल, मग दुडकी, मग मंद धाव, आणि वेगाचे छोटे टप्पे सर्वांत शेवटी.

[दृश्य : जॉकी खोगिरावर बसतो. रिकिबी आखूड. सुरुवातीच्या फाटकाकडे मंद धाव.]

निवेदन :
पाठीवर बसलेल्या माणसाला जे कळतं ते डॉक्टरला लांबून दिसत नाही. फाटकाकडे जातानाची मंद धाव ही जॉकीसाठी शेवटची तपासणी असते. घोडा एका बाजूला झुकतोय का. वळणावर आतला पाय पुढे ठेवून धावतो, मग सरळ मार्गावर पाय बदलायला नकार देतोय का. झेप आखूड झाली का. लगामावर नेहमीसारखा ओढतोय, की डोकं झटकतोय. यातलं काही खटकलं तर जॉकीनं तिथेच शर्यत सोडणाऱ्या स्टार्टरला आणि डॉक्टरला सांगायचं. फाटकात शिरल्यावर वेळ गेलेली असते.

सांगणं सोपं नसतं. मालक स्टँडमध्ये बसलेला असतो, लोकांचे पैसे लागलेले असतात, आणि घोडा डॉक्टरनं ठीक ठरवला तर पुढच्या वेळी तो जॉकी त्या घोड्यावर दिसत नाही. तरीही सांगायचं, कारण घोडा स्वतः थांबणार नाही. तो कळपातला, पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. शेजारचे धावत असतील तर दुखऱ्या पायावरही तो धावतो.

शर्यतीत पाय गेला तर काय करायचं याचा क्रम ठरलेला आहे. लगाम एकदम खेचायचा नाही, त्यानं सगळा भार पुढच्या पायांवर येतो. दोन्ही हात सारखे ठेवून, मागून येणाऱ्यांच्या वाटेतून बाहेरच्या बाजूला घेत वेग उतरवायचा. थांबताच उतरायचं. घोड्याला एक पाऊलही चालवायचं नाही. डोक्याशी उभं राहून त्याला जागी ठेवायचं, कारण घाबरलेला घोडा मोडक्या पायावरही फिरत राहतो आणि बंद जखमेचं हाड कातडी फाडून बाहेर येतं. पाय वाचणार की नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत पायाला फळी नीट बांधली गेली का, यावर बरंच अवलंबून असतं. माणसासारखं घोड्याला महिनोन् महिने आडवं ठेवता येत नाही. उरलेल्या तीन पायांवर भार पडून चांगल्या पायाचा खूर आतून सुटू लागतो. वेदनेतून सोडवण्याचा निर्णय डॉक्टर घेतात तो बऱ्याचदा याच कारणानं.

आणि हरलेला घोडा. शेवटचे दोनशे मीटर राहिलेत, घोडा सहावा आहे, झेप आखूड झाली आहे. इथे त्याला पिटाळून पाचवा आणण्यात काहीच हशील नाही. थकलेले स्नायू सांध्याला धरून ठेवू शकत नाहीत आणि पाय वाकडा पडतो. हात खाली ठेवून त्याला आपल्या वेगानं येऊ द्यावं.

चाबकाबद्दल थोडक्यात. भारतात खेळांत वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठीच्या २००१ च्या नियमांत शर्यतीच्या घोड्यासाठी झटका शोषणारा, गादीचा चाबूक सांगितला आहे. ब्रिटननं २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा घातली, आणि ती चार किंवा जास्त फटक्यांनी ओलांडली तर घोडाच बाद होतो. ही शेवटची अट महत्त्वाची. नुसता जॉकीला दंड असला तर मोठ्या बक्षिसापुढे तो परवडतो. गादीमुळे वळ उठत नाहीत, म्हणून दुखत नाही असं नव्हे. घोड्याची कातडी जाड असते हा समजही खरा नाही. पाठीवर माशी बसली तरी ती थरथरते, हे कुणीही तबेल्यात उभं राहून पाहावं.

जॉकीच्या स्वतःच्या शरीराचाही प्रश्न आहे. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणं, गरम खोलीत घाम काढणं, हे जुने प्रकार. चोपन्न किलोच्या माणसानं लिटरभर पाणी गमावलं की त्याची पकड आणि निर्णय दोन्ही ढिले पडतात. ब्रिटनमधल्या रेसकोर्सवरच्या सौना २०२१ मध्ये कायमच्या बंद झाल्या.

[दृश्य : मे महिन्यातली दुपार. पत्र्याचा तबेला, डेझर्ट कूलरची खस, ओसाड रस्ता.]

निवेदन :
आता नागपूर. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, कुणी दुपारी घोडा काढत नाही, एवढी समज सगळ्यांना असते. फसगत होते ती दुसरीकडे.

घोड्याच्या कामासाठी एक जुना हिशेब जगभर सांगतात : फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या ओलाव्याची टक्केवारी, यांची बेरीज. १३० च्या खाली निर्धास्त, १५० च्या वर जपून, १८० च्या वर काम बंद. हा हिशेब नागपूरला लावून बघा. मेमध्ये ४५ अंश म्हणजे ११३ फॅरनहाइट, ओलावा पंधरा टक्के. बेरीज १२८. म्हणजे भर दुपारी निर्धास्त! जिथे उन्हाळाही दमट असतो तिथे हे सूत्र ठीक असेल, इथे ते भिंतीवर लावू नये. हेच जुलैत बघा : ३२ अंश म्हणजे साधारण ९० फॅरनहाइट, ओलावा ऐंशी, बेरीज १७०. हा आकडा मात्र खरं बोलतो. पाऊस पडला, गारवा आला म्हणून लोक कामाचा वेळ वाढवतात, आणि घाम नुसता ओघळत राहतो, वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मेमध्ये घोडा पाणी आणि मीठ गमावून पडतो, जुलैत उष्णता अडकून पडतो. स्पर्धांत आता उन्हाचा आणि ओलाव्याचा एकत्र विचार करणारा, काळ्या गोळ्याचा तापमापक वापरतात. तो नसेल तर मेमध्ये घड्याळ पाळावं, सात-साडेसातच्या आत काम संपवावं. जुलैत मात्र नाडी आणि अंगाचा ताप मोजावा.

घोड्याला तासाला दहा-पंधरा लिटर घाम येऊ शकतो, आणि तो त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो. पाण्यासोबत मीठही गेल्यानं रक्त खारट होत नाही आणि मेंदूला तहान कळतच नाही. सुकलेला घोडा बादलीकडे तोंडही फिरवत नाही, आणि मोतद्दार म्हणतो, त्याला नकोय. अशा वेळी दहा लिटर पाण्यात नव्वद ग्रॅम साधं मीठ घालून ती बादली आधी द्यावी, आणि गोड्या पाण्याची बादली शेजारी ठेवावीच. काम संपताच पाणी दिलं तर पोट दुखतं, ही समजूत सोडून द्यायला हवी.

[दृश्य : घोड्यावर पाणी ओतणारे दोघं. सावली. पंखा.]

निवेदन :
दुसरी समजूत : तापलेल्या अंगावर गार पाणी घातलं की स्नायू आखडतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी यावर बरंच संशोधन झालं, आणि गार पाणी सुरक्षित ठरलं. पद्धत अशी. खोगीर लगेच उतरवायचं. घोडा सावलीत, वाऱ्यात उभा करायचा. दोघांनी दोन्ही बाजूंनी मान, छाती, पाठ आणि मागच्या मांड्यांवर न थांबता पाणी ओतायचं. मध्ये निथळून काढत बसायचं नाही, तेवढ्यात आणखी दोन बादल्या होतात. ओला टॉवेल पाठीवर टाकून ठेवायचा नाही, तो उष्णता आत कोंडतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मेमध्ये दुपारी चटके देतं. त्यामुळे पाणी आदल्या रात्री सावलीतल्या हौदात भरून ठेवावं, बर्फाची लादी मिळाली तर उत्तम. तबेल्यातला डेझर्ट कूलर मेमध्ये खरंच कामाचा. पावसाळ्यात मात्र त्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा, नाहीतर तो तबेला आणखी दमट करतो.

गुदद्वारातला तापमापक हा एकच खरा पुरावा. विश्रांतीत ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. शर्यतीनंतर ४० च्या वर जाणं नेहमीचं, पण ४१ ओलांडून घोडा डोलायला लागला, मागचे पाय झाडू लागला, की लगेच पाणी आणि डॉक्टर. ३९ च्या खाली येईपर्यंत ओतणं थांबवायचं नाही. ऊन असूनही ज्याची कातडी कोरडी राहते, घामच येत नाही, त्याचं काम त्याच दिवशी बंद.

नाडी जबड्याच्या हाडाखालच्या धमनीवर मोजतात : पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. लांब पल्ल्याच्या एंड्युरन्स शर्यतीत नाडी ६४ किंवा त्याखाली आल्याशिवाय पुढच्या टप्प्याला सोडत नाहीत. हा नियम घरच्या सरावालाही लावून घ्यावा.

[दृश्य : दुसरी सकाळ. गव्हाणीत उरलेला चारा. पायावरून फिरणारा तळहात.]

निवेदन :
दुसऱ्या दिवशी सकाळी, घोडा हलवण्याआधी, दोन्ही पुढच्या पायांच्या मागच्या बाजूनं तळहात फिरवायचा. एका पायाचा टेंडन दुसऱ्यापेक्षा ऊन किंवा जाड लागला तर घोडा नीट चालत असला तरी काम नाही. टेंडन फाटल्यावर भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि या टप्प्यावर वेदनाशामक देऊन घोडा काढणं म्हणजे उरलेला धागा तोडणं. गव्हाणीत दाणा उरलाय का ते बघायचं. लीद पडली का, आणि लघवीचा रंग काय. लघवी कॉफीसारखी असेल आणि मागचा भाग लाकडासारखा कडक लागत असेल तर स्नायू फुटलेत. त्याला फिरवून मोकळा करायला जाऊ नये, डॉक्टर येईपर्यंत जागेवरच उभा ठेवावा.