टाळी आणि हशा : विनोदी चित्रपटाच्या दुसऱ्या भागाविषयी

रसिक श्रोतेहो,

आजचा विषय ऐकायला हलका वाटेल, पण ज्यांनी आयुष्यातला बराच काळ चित्रपटगृहाच्या अंधारात हसण्यात घालवला आहे, त्यांच्या तो जिव्हाळ्याचा आहे. एखादा विनोदी चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला की आज ना उद्या त्याचा दुसरा भाग निघतो, आणि तो पाहून बाहेर पडताना पुष्कळदा आपण एकमेकांना हेच सांगतो की पहिल्याची सर याला नाही. असे का होते आणि काही मोजक्या वेळी ते का होत नाही, याचा मला आज आपल्याबरोबर विचार करायचा आहे.

नाशिकमध्ये हा विचार करताना दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात करावीशी वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत पूर्ण करून दादासाहेब १९१३ साली नाशिकला आले आणि पुढची मोठी कामगिरी त्यांनी इथे केली. १९१८ साली त्यांचा ‘श्रीकृष्णजन्म’ आला आणि पुढच्याच वर्षी ‘कालियामर्दन’, ज्यात त्यांची मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली होती. आजच्या भाषेत त्याला कोणी दुसरा भागही म्हणेल. परंतु ते पाहायला आलेल्या प्रेक्षकाला, कृष्ण यमुनेत उडी घेणार आणि कालियाच्या फण्यावर नाचणार, हे घरूनच ठाऊक होते, आणि ठाऊक असलेले डोळ्यांसमोर घडताना पाहण्यातच त्याचा आनंद होता. भक्तीला पुनरावृत्ती चालते. विनोदाला ती चालत नाही, तो अनपेक्षितावर जगतो, असे आपण लगेच म्हणून टाकतो, आणि दुसरे भाग का फसतात याचे उत्तर सापडले असे समजतो.

मला हे उत्तर अपुरे वाटते. नाशिकहून पुण्याला जाणाऱ्या खासगी गाड्यांमध्ये पूर्वी चालकाच्या मागे टीव्ही लावलेला असे, आणि सिन्नर मागे पडले की बहुतेक वेळा ‘अशी ही बनवाबनवी’ सुरू होई. त्यातला एक प्रवास मला स्पष्ट आठवतो. माझ्या शेजारच्या रांगेत एक वयस्कर बाई बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात घट्ट. लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून समोर येणार, त्याच्या क्षणभर आधी त्यांचा एक हात पिशवीवरून सुटला, पदर तोंडाला गेला आणि त्या हसू लागल्या. पडद्यावर अजून काहीही घडलेले नव्हते. हा चित्रपट त्यांनी किती वेळा पाहिला असेल कोण जाणे, पण त्या चकित होऊन हसत नव्हत्या, हे नक्की. गाण्याच्या मैफलीत समेची जागा जवळ येऊ लागली की जाणकाराची मान आधीच हलते, तसे ते हसू होते.

म्हणजे उत्तम विनोदाला पुनरावृत्तीचे वावडे नाही. तोच चित्रपट शंभरदा चालतो. चालत नाही तो त्याच्यासारखा दुसरा, कारण त्यात सम जवळ आल्यासारखी वाटते आणि भलत्याच मात्रेवर पडते.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग आला, मूळ चित्रपटानंतर २० वर्षांनी. मी तो इथेच, आपल्या शहरात, भरलेल्या प्रेक्षागृहात पाहिला. अशोक सराफ पडद्यावर आले तेव्हा जी टाळी पडली, ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या टाळीत ज्येष्ठ कलावंताबद्दलचे आणि आपल्या स्वतःच्या तरुणपणाबद्दलचे प्रेम होते. पण टाळी आणि हशा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. टाळी ओळखीची असते, ती जुन्या चित्रपटाच्या खात्यातून येते. हशा नव्या चित्रपटाला स्वतः कमवावा लागतो. दुसऱ्या भागाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत टाळ्या भरपूर पडतात; जुने चेहरे आणि जुन्या लकबी दिसताच प्रेक्षक आपली ओळख दाखवतो, आणि लेखकाची इथेच फसगत होते. त्याला वाटते, लोक हसत आहेत. लोक नमस्कार करत असतात.

याच चित्रपटाच्या संदर्भात आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. २००४ च्या चित्रपटातला नवस फेडण्याचा प्रवास मुंबईहून गणपतीपुळ्याला एसटीने होतो. दुसऱ्या भागात तो कोकण रेल्वेने होतो आणि वाहकाच्या जागी तिकीट तपासनीस येतो. कल्पना वरवर पाहता बरोबर आहे, वाहन बदलले, प्रवास तोच. परंतु एसटी आणि रेल्वे यांचा विनोद एक नाही. एसटीत सगळे एका डब्यात कोंडलेले असतात, पुढच्या माणसाचे डोके मागच्याच्या नाकासमोर असते, आणि त्या सगळ्यांवर एका माणसाची सत्ता चालते. वाहकाने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, डबल बेल दिली की निघते. कोणाला खाली उतरायचे असेल, कोणाला उलटी होत असेल, कोणाचे भांडण लागले असेल, तर सगळ्यांना त्यासाठी थांबावे लागते. एकाची अडचण सगळ्यांची होते, आणि प्रवासी विनोदाचे हेच इंधन आहे. रेल्वे कोणासाठी थांबत नाही, आणि तपासनीस एका डब्यातून दुसऱ्या डब्यात निघून जातो. रेल्वेत विनोद होत नाही असे माझे म्हणणे नाही, पण तो वेगळ्या तऱ्हेने रचावा लागतो. बससाठी शिवलेला अंगरखा रेल्वेला घातला तर तो ढगळ होणारच.

‘झपाटलेला’चे उदाहरण मला याहून अधिक बोलके वाटते. महेश कोठारे यांचा मूळ चित्रपट १९९३ चा, दुसरा भाग २०१३ चा, आणि तोही थ्रीडी. मधल्या काळात, डिसेंबर २००४ मध्ये, लक्ष्मीकांत बेर्डे आपल्यातून गेले. रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू मात्र होताच, आणि मुलांना आजही त्याची भीती वाटते आणि ओढही वाटते. मग उणे काय होते? मूळ चित्रपटात बाहुला भीती निर्माण करत होता, हसवत होता तो घाबरलेला लक्ष्या. त्याचे विस्फारलेले डोळे, घशात अडकलेला शब्द, आणि बाहुला जिवंत आहे हे तो जीव तोडून सांगत असताना आजूबाजूच्या शहाण्या माणसांनी त्यालाच वेड्यात काढणे, या सगळ्यातून हशा उसळत होता. ज्याचे खरे कोणी मानत नाही अशा भोळ्या माणसाची तगमग हा त्या विनोदाचा गाभा. ही गाठ एकदाच बसते. दुसऱ्या भागात बाहुला जिवंत आहे हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे त्या तगमगीला धार येत नाही, आणि ती तगमग अंगात भिनवणारा नटही आता नव्हता. बाहुला पुन्हा घडवता येतो, घाबरणारा माणूस नाही.

हिंदीकडे वळले तर ‘हेरा फेरी’ आठवल्याशिवाय राहत नाही, कारण त्यातला बाबूराव गणपतराव आपटे हा आपल्याच वाड्यातला माणूस वाटतो. २००० सालच्या त्या चित्रपटात तिघांच्या खिशात दमडी नाही, भाडे थकलेले आहे, आणि या नडीतूनच प्रत्येक खोटेपणा, प्रत्येक धडपड जन्माला येते. २००६ च्या दुसऱ्या भागाच्या आरंभी ते श्रीमंत आहेत, बंगल्यात राहतात, आणि त्यांना पुन्हा कफल्लक करण्यासाठी पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेत त्यांना बुडवावे लागते. तो चित्रपट लोकांना आवडला, त्यातले प्रसंग आजही सांगितले जातात, हे मी नाकारत नाही. तरीही पहिल्यातली गरिबी खरी होती आणि दुसऱ्यातली लेखकाने ओढूनताणून आणलेली होती, हे जाणवत राहते. सुखान्त हा विनोदी चित्रपटाचा धर्म आहे, आणि दुसऱ्या भागाच्या वाटेत पहिला धोंडा त्या सुखान्ताचाच असतो.

मग एकच माणूस पुन्हा पुन्हा हसवू शकत नाही का? आपल्या परंपरेत तर तो सतत हसवत आला आहे. तमाशाच्या गवळणीतली मावशी गावोगावी तीच असते आणि रोज नव्याने हसवते, कारण सोंगाड्याच्या तोंडी त्या त्या गावचा, त्या त्या दिवसाचा विषय येतो. चिं. वि. जोश्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ किती गोष्टींतून भेटले, पुढे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने दूरदर्शनवरही आले, पण कोणत्याही गोष्टीला क्रमांक द्यावा लागला नाही. चिमणराव पहिल्या गोष्टीच्या शेवटी शहाणा झाला असता तर दुसरी लिहिताच आली नसती. दादा कोंडक्यांकडे पाहा. ‘सोंगाड्या’ १९७१, ‘एकटा जीव सदाशिव’ १९७२, ‘आंधळा मारतो डोळा’ १९७३, ‘पांडू हवालदार’ १९७५. नाव बदलते, धंदा बदलतो, पण तो भाबडा, जगाच्या व्यवहाराला बिचकणारा आणि तरीही न हरणारा माणूस तोच राहतो. माझ्या मते दुसऱ्या भागाची कला दादांना पुरती उमगली होती, आणि तिला दुसरा भाग असे नाव द्यायचे नाही, हेही त्यांना उमगले होते.

विनोद प्रसंगाच्या गाठीत असेल तर ती गाठ एकदा सुटल्यावर पुन्हा बांधता येत नाही. तो माणसाच्या स्वभावात असेल तर त्या माणसाला नव्या संकटात टाकता येते. राजकुमार हिराणी यांनी हे जाणले. २००३ च्या ‘मुन्नाभाई एमबीबीएस’नंतर तीन वर्षांनी ‘लगे रहो मुन्नाभाई’ करताना त्यांनी वैद्यकीय महाविद्यालय बाजूला ठेवले, पहिल्यातल्या लग्नाचा उल्लेखही केला नाही, बोमन इराणी यांना अगदी वेगळी भूमिका दिली, आणि बरोबर घेतली फक्त दोन माणसे, मुन्ना आणि सर्किट. आधी काय घडले याची आठवण प्रेक्षकाला करून देण्यात त्यांनी एक मिनिटही घालवले नाही. पहिल्यात मुन्ना खोटा डॉक्टर होतो, दुसऱ्यात गांधीजींचा खोटा अभ्यासक. दोन्हीकडे खोट्याच्या दारातून तो खऱ्यापाशी पोहोचतो. स्वभाव तोच, परीक्षा निराळी, आणि दुसरी अधिक कठीण, कारण पहिल्यात त्याला इतरांना बरे करायचे होते, दुसऱ्यात स्वतः खरे बोलायचे होते. दुसरा चित्रपट पहिल्याच्या तोडीचा आहे असे मी निःशंकपणे म्हणतो.

पाश्चात्त्य चित्रपटांत ‘द पिंक पँथर’चे असेच झाले. तिथे इन्स्पेक्टर क्लूझो मुळात बाजूचे पात्र होते. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ब्लेक एडवर्ड्स यांनी पीटर सेलर्सच्या क्लूझोला मध्यभागी आणले आणि दुसरा चित्रपट अधिक रंगला. पहिल्याने ज्याला पुरता वाव दिला नव्हता ते दुसऱ्याने वापरले. आपल्याकडच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने वेगळी वाट धरली. २०१० मध्ये दोन अनोळखी माणसे आणि पुण्यातला एक दिवस, २०१५ मध्ये लग्न आणि दोन्ही घरची मंडळी, २०१८ मध्ये पाळणा. पहिल्याचा मोकळा सूर पुढे राहिला नाही असे मला वाटते, पण आयुष्यच पुढे सरकत असल्यामुळे त्या भागांना आपले म्हणून काही सांगायचे होते.

दुसरे भाग का काढले जातात याविषयी फार बोलण्याची गरज नाही. नाव गाजलेले असले की निम्मी जाहिरात आपोआप होते, आणि निर्मात्याने पैसा घातलेला असतो. त्याला दोष देण्यात मला रस नाही. मात्र लेखकाने कागद हातात घेतला की त्याने आधी हे तपासावे की आपल्या पात्रांना आता कशाची नड आहे.

‘अशी ही बनवाबनवी’चा दुसरा भाग यावा का, असे मला अनेक जण विचारतात. १९८८ च्या त्या चित्रपटाचा मूळ धागा १९६६ च्या ‘बीवी और मकान’मधला, हे आपण जाणता, सचिन पिळगांवकर यांनी तो पुण्यात असा रुजवला की तो परका राहिलाच नाही. त्या चौघांना खोली हवी होती, आणि खोली फक्त जोडप्यांना मिळणार होती. त्यांची ती गरज भागली. आज त्यांना पुन्हा साडी नेसवायची तर कारण कुठून आणणार? पण गरज स्वतः संपलेली नाही. परवा गंगापूर रोडवरून येताना एका इमारतीच्या फाटकावर मी पाटी पाहिली, ‘फक्त कुटुंबासाठी’. पाटीसमोर दुचाकीवर दोन मुले थांबली होती. मागे बसलेल्याने गुंडाळलेली गादी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, पुढचा फोनवर कोणाला तरी अगदी अदबीने सांगत होता, ‘‘हो काका, आम्ही दोघेच आहोत, आणि आमची मावशी पण येणार आहे राहायला.’’ मागच्याने चमकून त्याच्याकडे पाहिले.